आजोबांची काउंटी आणि माझं एक मत

आधी आजोबांचं सांगते, मग काय झालं ते. आजोबा नसते तर पुढचं काही घडलंच नसतं, आणि घडलं असतं तरी मी ते लिहायला बसले नसते. नववीनंतर शाळा सुटलेल्या बाईने चार ओळींच्या वर लिहिलं की तिला उगीच धाकधूक होते. वाटतं, कुणीतरी मागे उभं राहून वाचतंय आणि आता विचारणार, "हे तुम्ही लिहिलंत?"

आजोबा माझे नात्याचे कुणी नव्हेत. ते इंग्रज आहेत, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आले, इथल्याच बाईशी लग्न केलं. ती गेली, ते राहिले. मी मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे साफसफाईला जाते. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून 'आजोबा' निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला. मूलबाळ नसलेल्या माणसाला एकदम आजोबा करून टाकलं म्हणून मी घाबरले, पण अर्थ सांगितला. ते म्हणाले, "बढती आहे. घेतो."

आजोबा पुस्तक लिहितात. विषय असा की, इंग्लंडमधल्या त्यांच्या जन्मगावच्या काउंटीतून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या मुलखातून, पार्लमेंटमध्ये कोण कोण निवडून गेलं. अगदी पहिल्यापासून, म्हणजे सरदार घोड्यावर बसून लंडनला जायचे तेव्हापासून आजपर्यंत. वीस वर्षं काम चालू आहे. या पुस्तकाची जगात किती माणसं वाट बघतायत ते मी कधी विचारलं नाही. वाट बघणाऱ्यांत एक मी आहे, कारण जेवणाच्या टेबलावर बुटांचे अकरा खोके आहेत, त्यात कार्डं आहेत, आणि पुस्तक निघेपर्यंत ते टेबल पुसता येणार नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी ते पुसलं. कार्डं खाली पडली. मला इंग्रजी तेव्हा फारसं यायचं नाही, सालांचा हिशेब कळेना, म्हणून मी सारखी दिसणारी आडनावं एकत्र लावली आणि खोके भिंतीशी नीट रचून ठेवले. आजोबा आले, खोका उघडला आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं, नोकरी गेली. ते बराच वेळ कार्डं चाळत राहिले, मग म्हणाले, "बाई, तुम्ही माझं तिसरं प्रकरण लिहिलंत."

झालं असं होतं की, काउंटीच्या दोन जागा. दर निवडणुकीला दोन माणसं जायची. सालवार लावलं की शेकडो नावं दिसायची, मोठा थाट वाटायचा. आडनावाने लावल्यावर तीनशे वर्षांची मिळून पाच-सहाच गठ्ठे झाले. बाप, मग मुलगा, मुलाला खोकला झाला तर चुलता, मध्येच एखादा जावई.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आजोबा, यात काय नवल? आमच्या तालुक्यात असंच आहे. कारखान्याचा चेअरमन, बँकेचा चेअरमन, आमदार, सगळी एकच पंगत. फक्त आमच्याकडे बाईसाठी जागा राखीव झाली की सून उभी राहते. तुमच्याकडे राखीव नव्हतं म्हणून जावयाचं फावलं."

आजोबांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून साफसफाई एक तास आणि काउंटी एक तास असा आमचा प्रघात पडला. मी शाळेत जे शिकले नाही ते सगळं मला एका परक्या जिल्ह्याबद्दल शिकायला मिळालं. तिथे मतदान फक्त एका गावात व्हायचं, तर उमेदवार मतदारांना आणायला गाड्या पाठवायचे. आमच्याकडे जीप येते. तिथे गोमांस आणि बिअर, आमच्याकडे मटण आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोन बड्या घराण्यांनी आधीच जेवायला बसून एकेक जागा वाटून घ्यायची, म्हणजे निवडणूकच नको, आणि या व्यवहाराला म्हणायचं 'काउंटीची शांतता'. हे ऐकून मी हातातला फडका खाली ठेवला. शांततेचा हा प्रकार मला फार जवळून माहीत होता.

तो आमच्या मंडळात होता.

आइंडहोवनात मराठी मंडळ आहे. सभासद बहुतेक पुण्या-मुंबईचे, चिपची यंत्रं बनवणाऱ्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपन्यांतले. आमचे हे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आचारी आहेत. आचाऱ्याची बायको म्हणून मी आले. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मग मंडळात नाव घातलं आणि पहिल्यांदा ईमेल आला, वर माझं पूर्ण नाव, 'प्रिय सभासद'. ते मी यांना तीनदा वाचून दाखवलं. मंडळात मला सगळे 'मावशी' म्हणतात. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला मावशी म्हणणाऱ्यांत अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थही आहेत. तो माझा हुद्दा आहे, नातं नाही. पण मला चालतं. त्या मंडळींनी माझ्यासाठी खूप केलंय. खेमेन्तेचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, कागद भरून दिले, डॉक्टरकडे बरोबर आले, वहिनींनी जुने स्वेटर दिले. त्यांच्याबद्दल वाकडं लिहिताना माझा हात अडखळतो. पण जे झालं ते झालं.

तर मंडळाची कार्यकारिणी दरवर्षी बिनविरोध निवडली जाते. सभेआधी कुणाच्या तरी घरी पावभाजी होते आणि तिथे सगळं ठरतं. अध्यक्ष सरांचे शब्द ठरलेले, "एकोप्यासाठी."

यंदा गुढीपाडव्यानंतर सभेची नोटीस आली. सोबत सात पानांचा ठराव, इंग्रजीत. मराठी टिकवण्यासाठी काढलेल्या मंडळाचे सगळे ठराव इंग्रजीत असतात, कारण मराठीत ते कुणाला कळत नाहीत. मला त्यातला एकच शब्द टोचला, 'ग्रॅज्युएट'. मंगळवारी मी तो कागद आजोबांना नेऊन दिला.

त्यांनी चष्मा लावला. दुसऱ्या पानावर त्यांचे डोळे चमकायला लागले. कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ भेटावा तसा चेहरा झाला त्यांचा.

"बाई, हा तर माझ्या काउंटीचा कायदा आहे! सहाशे वर्षांपूर्वीचा!"

त्यांनी समजावून सांगितलं. मंडळात आता तीन प्रकारचे सभासद होणार. पदवीधर आणि हाय-स्किल्डच्या परमिटवर आलेले 'किंवा समकक्ष' ते कोअर मेंबर, त्यांना मत. दुसरे मित्र-सदस्य, ते वर्गणी भरणार आणि टाळ्या वाजवणार. तिसरे सेवा-सदस्य, म्हणजे स्वयंपाक, खुर्च्या, आवराआवर. सेवेला मुभा, मताला नाही. कारण दिलं होतं की गेल्या गणपतीत गर्दी फार झाली आणि चर्चेचा दर्जा घसरला.

"आमच्याकडे हेच लिहिलंय," आजोबा खोक्यातून कार्ड काढत म्हणाले. "हलक्या ऐपतीची फार माणसं निवडणुकीला येतात, आणि आपलं मत मोठ्या सरदाराच्या मताइतकंच आहे असं समजतात, त्याने दंगे होतील. म्हणून वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल त्यालाच मत. तुमच्या लोकांनी शिलिंग काढून डिप्लोमा घातलाय, बाकी काही बदललं नाही."

"म्हणजे माझं मत गेलं?"

"तुमचं आणि तुमच्या यजमानांचं. घरात एकही उरणार नाही."

मला हसू आलं नाही. वडील आजारी पडले तेव्हा मला शाळेतून काढलं, दोन भावांना ठेवलं. माझं त्यावर काही म्हणणं आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं. माझं नाव घालून मला काही विचारणारी पहिली जागा हे मंडळ होतं. विचारायचे ते एवढंच की तिळगुळाच्या कार्यक्रमाला शनिवार बरा की रविवार. पण विचारायचे.

"आता काय करायचं?" मी म्हटलं.

आजोबा उभे राहिले. "हात वर करायला सांगतील. तुम्ही हराल. तेव्हा उठायचं आणि मोठ्याने म्हणायचं, मी पोलची मागणी करते. मग एकेका मतदाराला पुढे येऊन, नाव सांगून, सगळ्यांदेखत मत बोलून दाखवावं लागतं आणि ते वहीत लिहितात. ही मागणी एका मतदाराने केली तरी पुरते. शेरीफला, म्हणजे निवडणूक घेणाऱ्या अधिकाऱ्याला, नाकारता येत नाही."

"एकाने?"

"एकाने. एकदाच बोला, मग खाली बसा. पुन्हा पुन्हा बोलणारा हरतो."

शुक्रवारी त्यांनी मला खिडक्या पुसायच्या तीन पायऱ्यांच्या शिडीवर उभं करून तालीम घेतली. माझा आवाज पहिल्या पायरीवरच अडकत होता. "मागच्या रांगेतला गुराखी ऐकतोय का?" असं ते सारखं विचारायचे. आठवड्याभराने तो ऐकायला लागला.

सभा शनिवारी दुपारी होती, आमच्या वस्तीच्या बुर्टहाउसात. खेमेन्तेचा हॉल, वाढदिवसापासून योगापर्यंत सगळं तिथेच होतं. यांची हॉटेलात पाळी होती, मी एकटीच सायकलने गेले. सवयीप्रमाणे आधी चहा ठेवला. मग मनात आलं, आज तरी बसावं, आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

अध्यक्ष सरांनी स्लाइड्स दाखवल्या. त्रिकोण होता, वर कोअर, खाली सेवा. "यात कुणाला कमी लेखायचा हेतू नाही," सर म्हणाले. "उलट सेवा हा पाया आहे." त्रिकोणात पाया खरंच सगळ्यात रुंद काढला होता.

"ठरावाच्या बाजूने हात वर करा." बरेच हात वर झाले. ज्यांनी ठराव वाचला नव्हता त्यांचे आधी झाले.

"विरोधात?"

एकही नाही. माझा हातसुद्धा मांडीवरून हलला नाही. शिडीवरची बाई कुठे गेली कोण जाणे.

"तर एकमताने..."

मी उठले. "आय डिमांड अ पोल!"

एकदम एवढा मोठा आवाज आला की मीच दचकले. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"मावशी, काय झालं? चहा उतू गेला का?" पुढून एक वहिनी म्हणाल्या.

"नाही वहिनी. मी मतदार आहे. हात वर करून झालेलं मला मान्य नाही. एकेकाने पुढे येऊन, नाव सांगून मत द्यायचं आणि ते लिहून घ्यायचं. शेरीफला ही मागणी नाकारता येत नाही."

"शेरीफ कोण?"

"तुम्ही, सर."

हशा पिकला. सरही हसले, पण अर्धवट. त्यांनी वाकून सेक्रेटरींना विचारलं आणि समोरचा माइक चालू होता, त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलने ऐकलं.

"असं काही आपल्या नियमांत आहे का रे?"

"असेल सर. स्टाटुटेनमध्ये असेल."

"तू वाचलंयस ना?"

"डचमध्ये आहे सर. नोटारिसकडे सह्या केल्या तेव्हा मला वाटलं तुम्ही वाचलंय."

"मला वाटलं तू वाचलंयस."

स्टाटुटेन म्हणजे मंडळ स्थापन करताना नोटारिसने, म्हणजे घरखरेदीपासून संस्थेपर्यंत सगळे दस्त करणाऱ्या इथल्या कायदेपंडिताने, लिहून दिलेली घटना. ती आठ वर्षं एका फाइलमध्ये सुरक्षित होती, म्हणजे कुणी उघडली नव्हती.

"मावशी कुठे कामाला जातात?" सरांनी विचारलं.

"कुणा म्हाताऱ्या गोऱ्याकडे. घरभर कायद्याची कार्डं आहेत म्हणाल्या होत्या."

"नोटारिस?"

"असेल सर. रिटायर्ड."

ज्या माणसांनी जगातली सगळ्यात किचकट यंत्रं जुळवली आहेत ती एका न वाचलेल्या कागदाला घाबरलेली मी डोळ्यांनी पाहिली. आजोबा नोटारिस नाहीत हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला एकदाच बोलून खाली बसायला सांगितलं होतं. मी खाली बसले.

सेक्रेटरी पुढे टेबल घेऊन बसले, लॅपटॉपवर सभासदांची यादी उघडली. यादीतल्या कुणाकुणाचं मत पुढे राहणार हे विचारायला लागल्यावर पहिला घोळ झाला. अध्यक्षांच्या बायकोनेच विचारलं, "अहो, मी तर तुमच्या परमिटवर डिपेंडंट आहे. माझं मत पुढच्या वर्षी आहे का?"

"'किंवा समकक्ष' लिहिलंय ना."

"म्हणजे मी तुमच्या समकक्ष?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं?"

सर स्लाइड शोधायला लागले. तेवढ्यात एनस्खेडेहून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, त्याचं इंजिनिअरिंग अजून पुरं व्हायचंय, तर तो सेवेत मोडतो की मित्रात? आर्नहेमच्या एका काकांनी इथला पासपोर्ट घेतलेला, त्यांच्याकडे परमिटच नव्हतं. ते म्हणाले, "एकवीस वर्षं झाली मला इथे. मी आता खुर्च्या उचलू का?"

मग मतं सुरू झाली. एकेक जण टेबलापाशी यायचा, नाव सांगायचा, आणि बोलायच्या आधी नजर मागच्या रांगेकडे जायची. तिथे मी. हात वर करणं सोपं असतं, तो गर्दीतला हात असतो. जिच्या हातचा चहा आठ वर्षं प्यायलो तिच्यादेखत, स्वतःचं नाव सांगून, "हिचं मत काढा" असं मोठ्याने म्हणणं जड जातं. दोघांनी तरी म्हटलं. त्यांचा मला राग नाही, निदान त्यांनी ठराव वाचलेला होता. काहींनी "नाही" म्हटलं. काहींनी "तसं पाहिलं तर" एवढंच म्हटलं, ते कुठे लिहावं हे सेक्रेटरींना कळेना. एकजण गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणून जो गेला तो आलाच नाही. अध्यक्षांच्या बायकोने आपलं नाव सासर-माहेरसकट सांगितलं आणि "नाही" असं म्हटलं की मागच्या रांगेतल्या गुराख्यालाही ऐकू गेलं असतं.

माझी पाळी आली तेव्हा मी माझं पूर्ण नाव सांगितलं. सेक्रेटरींनी यादीत शोधलं, म्हणाले, "अरे, मावशी, हे तुमचं नाव?"

ठराव पडला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी, पण पडला.

पुढचा विषय होता नवी कार्यकारिणी. ती नेहमीप्रमाणे बिनविरोध झाली, सर पुन्हा अध्यक्ष. इतिहास एका दुपारी फार लांब जात नाही. मात्र सर दिलदार. त्यांनी स्वतः उभं राहून माझं नाव कार्यकारिणीसाठी सुचवलं, टाळ्या पडल्या, कुणी पोल मागितला नाही. मला खातंही तिथल्या तिथे मिळालं, चहापान. म्हणजे आधी मी चहा करत होते, आता चहाचं प्रतिनिधित्व करते. घरी येताना सायकलवर मला रडू येत होतं, आणि त्यात आनंद किती आणि भीती किती ते सांगता येणार नाही. सोमवारपर्यंत मी फोन धरून बसले होते, की ग्रुपमधून काढतील. सभेत चहाचं विचारणाऱ्या त्या वहिनींचा मेसेज आला, "मावशी, त्या नोटारिसांचा नंबर द्या ना, आम्हाला घर घ्यायचंय."

मंगळवारी आजोबांनी दारातच विचारलं, "शेरीफने नाकारलं?"

"नाही आजोबा. घाबरले."

मी सगळं सांगितलं. उघड मतांचं ऐकून ते गंभीर झाले. म्हणाले, त्यांच्या काउंटीत त्या उघड मतदानानेच गरिबांची मान धरली होती. जमीनदार टेबलाशेजारी उभा राहायचा आणि कूळ काय बोलतं ते ऐकायचा. म्हणून शेवटी पोल मागायची ती पद्धतही गेली आणि गुप्त चिठ्ठ्या आल्या.

"गेली? कधी गेली?"

"दीडशे वर्षं झाली."

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. "आजोबा! म्हणजे मी जे मागितलं ते कायद्यात नाहीच?"

"इंग्लंडात नाही. इथे तर कधीच नव्हतं."

"मग मला का सांगितलंत?"

"माझ्या काउंटीत अशा वेळी लोक काय करायचे ते तुम्ही विचारताय असं मला वाटलं," ते अगदी निरागसपणे म्हणाले. "तुमच्या मंडळाचा कायदा मला काय माहीत? तो डचमध्ये आहे, आणि माझं डच अजून बेकरीपुरतंच आहे."

मी शिडीवर बसूनच हसले. ते मात्र हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, ज्या चौकात ते टेबल मांडायचे तिथे एकदा उभं राहायचंय, पण गुडघे असे, एकट्याने बोटीचा प्रवास होत नाही, आणि बरोबर येणार कोण.

म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे हटता येणार नाही. आजोबा, तुम्ही मला माझं नाव मोठ्याने सांगायला लावलंत, ते ऋण डोक्यावर आहे. इंग्लंडचा व्हिसा आचाऱ्याच्या बायकोला कसा मिळतो ते मला ठाऊक नाही, त्या अर्जात शिक्षण विचारतात की नाही तेही ठाऊक नाही. पण एक दिवस तुमचा हात धरून तुम्हाला मी बोटीत बसवणार आणि तुमच्या त्या चौकात नेऊन उभं करणार.